जामीन राहिलेली माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

भुताखेतांच्या गोष्टींत एक माणूस हमखास भेटतो. वाड्यात काहीतरी विपरीत घडत असतं, घरातली माणसं हवालदिल झालेली असतात, डॉक्टर-वैद्यांनी हात टेकलेले असतात आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘त्यांना बोलवा.’ मराठी वाचकाला ‘ते’ म्हटलं की नारायण धारपांचे ‘समर्थ’ आठवतात. शांत, अधिकारी पुरुष. अप्पा जोशींसारखा साधा माणूस त्यांच्या आधाराने निर्धास्त असतो. समर्थ आले म्हणजे घर वाचणार आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाचा बळी जाणार नाही, ही खात्री मनात धरूनच आपण पान उलटतो.

आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तोही हेच काम करतो. पण तो घरात आला, तर घर कदाचित वाचेल; सोबत आलेल्या मित्राचं काय होईल, ते सांगता येत नाही. त्याचं नाव जॉन कॉन्स्टंटाईन. मळकट ट्रेंचकोट, सैल टाय, विस्कटलेले पिवळे केस आणि बोटांत सतत सिगारेट. इंग्रजी कॉमिक्समधला हा मांत्रिक म्हणा, गुप्तहेर म्हणा, लफंगा म्हणा. तिन्ही बरोबर आहे. तो गेली चाळीस वर्षं छापला जातोय. मधल्या काळात हरवला होता, मग परत आला. त्या परत येण्याबद्दल मला बोलायचं आहे.

इंग्रजी वाचकांनाही आधी ‘समर्थ’ ठाऊक होतेच. १९०८ साली अल्जरनॉन ब्लॅकवुडने डॉ. जॉन सायलेन्स आणला. हा श्रीमंत डॉक्टर, फी न घेता पीडितांना मदत करणारा. पाठोपाठ विल्यम होप हॉजसनचा कार्नाकी आला. हा लंडनच्या चेल्सी भागात राहायचा, मित्रांना जेवायला बोलवायचा आणि जेवणानंतर आपण उकललेल्या प्रकरणाची हकिकत सांगायचा. ही सगळी सभ्य, खाऊनपिऊन सुखी माणसं. त्यांच्या मित्रांना फार तर घरी जायला उशीर व्हायचा.

कॉन्स्टंटाईन आला १९८५ साली. डीसी कंपनीच्या ‘स्वॉम्प थिंग’ नावाच्या मासिकाचा सदतिसावा अंक. लेखक होता ॲलन मूर. त्याचे चित्रकार स्टीव्ह बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांना ‘द पोलिस’ या बँडचा गायक स्टिंग याच्या चेहऱ्याचा माणूस काढायची हौस होती. मूरने त्या चेहऱ्याला नाव दिलं, बोली दिली. कॉमिक्समधले मांत्रिक एक तर दाढीवाले म्हातारे असायचे, नाही तर उच्चकुलीन. मूरला हवा होता तो कामगार वस्तीतला, रस्त्यावर शहाणा झालेला मांत्रिक. पुढे एका मुलाखतीत मूरने सांगितलं, की लंडनमध्ये एका सँडविचच्या दुकानात तो बसला असताना खुद्द कॉन्स्टंटाईन जिना चढून आला, त्याच्याकडे बघून हसला आणि कोपऱ्यावरून वळून गेला. विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

१९८८ च्या जानेवारीत त्याचं स्वतःचं मासिक निघालं. नाव ‘हेलब्लेझर’. लेखक जेमी डेलॅनो, चित्रकार जॉन रिजवे. मी हे अंक वाचले ते नव्वदच्या दशकात, फ्लोरा फाऊंटनच्या फुटपाथवरून विकत घेऊन. मी आणि माझा एक मित्र. आम्ही दोघं एकाच कचेरीत होतो, डोंबिवलीहून एकाच लोकलने जायचो. पगाराच्या दिवशी तो अर्धे पैसे काढायचा, मी अर्धे. अंक मात्र त्याच्याकडे राहायचे, कारण त्याच्या घरी पत्र्याची पेटी होती आणि माझ्या घरी उंदीर.

पहिल्या दोन अंकांतली गोष्ट सांगतो. गॅरी लेस्टर नावाचा जॉनचा जुना मित्र आहे. व्यसनी, खंगलेला. त्याच्या हातून भुकेचा एक राक्षस मोकळा सुटतो. माणसं बकाबका खातात आणि खाता खाताच वाळून मरतात. राक्षसाला पुन्हा कोंडायला एक जिवंत देह हवा. जॉन गॅरीला धीर देतो, त्याचा हात धरून त्याला न्यूयॉर्कला नेतो आणि त्याच्याच देहात राक्षस कोंडून त्याला भिंतीआड मरायला सोडतो. शहर वाचतं. गॅरीचा ‘मला वाचव’ असा विश्वास होता, तो फुकट जातो. आणि जॉन दारू प्यायला बसतो.

मी वाचून थक्क झालो होतो. काय डोकं आहे, म्हटलं! मित्र म्हणाला, ‘‘अरे, पण त्या गॅरीला विचारलं का कुणी?’’

अकराव्या अंकात याच्या मागची हकिकत कळते. १९७८ साली न्यूकॅसल शहरातल्या एका क्लबात ॲस्ट्रा नावाची लहान मुलगी एका भयानक प्रकारात सापडते. तरुण जॉन तेव्हा एका पंक बँडमध्ये गात असतो आणि आपल्याला सगळी विद्या येते अशा घमेंडीत असतो. एका राक्षसाला घालवायला तो दुसऱ्या, मोठ्या राक्षसाला बोलावतो. त्याचं खरं नाव माहीत नसताना. त्यामुळे त्याला आवरता येत नाही आणि तो पोरीला नरकात ओढून नेतो. जॉन वेड्यांच्या इस्पितळात जातो. पुढे बरा होऊन बाहेर येतो, पण मेलेले मित्र त्याच्या आजूबाजूला भुतं होऊन उभे असतात. काही बोलत नाहीत. नुसते असतात.

इंग्रजीत अशा नायकाबद्दल लिहिताना चांगला की वाईट, याची बरीच चर्चा होते. मला आपला साधा शब्द पुरेसा वाटतो: जामीन. जॉन कर्ज काढतो आणि मित्र जामीन राहतात. मंत्र त्याचा, युक्ती त्याची, वाहवा त्याची. वसुलीला माणूस येतो तो मात्र मित्राच्या दारी.

हा शब्द मला का सुचला, तेही सांगायला हवं. १९९७ साली मी पतपेढीचं कर्ज काढून डीटीपीचं दुकान टाकलं. तेव्हा गल्लोगल्ली ती दुकानं निघत होती. कर्जाला दोन जामीनदार लागायचे. एक माझे नातेवाईक होते, दुसरा हा मित्र. त्याने कागद वाचलासुद्धा नाही, ‘‘कुठे करू सही?’’ एवढंच विचारलं. मी नोकरी सोडली. वर्षभरात दुकान बसलं आणि माझे हप्ते थकले. नियमाप्रमाणे ते जामीनदारांच्या पगारातून कापले जाऊ लागले. मला हे ठाऊक होतं. मी काय केलं? दुसरीकडे नोकरी लागल्यावर मी लोकल बदलली. ८.१२ ऐवजी ८.४०. मित्र ८.१२ ला असायचा.

तेव्हा मला कॉन्स्टंटाईन आठवला नाही. आपण स्वतःला नेहमी दुसऱ्याच गोष्टीतलं पात्र समजत असतो.

पुन्हा कॉमिककडे येतो. ‘हेलब्लेझर’ची आणखी एक खासियत होती. कॉमिक्समधले नायक सहसा म्हातारे होत नाहीत. सुपरमॅन १९३८ पासून तिशीतच आहे. जॉन मात्र वाचकाबरोबर वयाने वाढत गेला. जन्म १९५३, लिव्हरपूल. मासिक सुरू झालं तेव्हा पस्तिशीचा, संपलं तेव्हा साठीला टेकलेला. देशात जे चाललंय, तेच त्याच्या गोष्टीत. तिसऱ्या अंकात ११ जून १९८७ ची, म्हणजे मार्गारेट थॅचर तिसऱ्यांदा निवडून आल्या ती रात्र आहे. लंडनमध्ये सूटबूट घातलेले राक्षस शेअर बाजारासारखी आत्म्यांची खरेदी-विक्री करताहेत. थट्टा आहे, पण हसता हसता पोटात गोळा येतो.

वय वाढतं म्हणजे हिशेबही वाढतो. १९९१ मध्ये गार्थ एनिस नावाच्या विशीतल्या आयरिश लेखकाने मासिक हाती घेतलं आणि पहिल्याच अंकात जॉनला फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचं सांगितलं. इतकी वर्षं सिगारेट ओढणाऱ्याला दुसरं काय होणार? जादू चालत नाही, देवदूत मदत करत नाही. शेवटी जॉन आपला आत्मा नरकाच्या तीन सरदारांना वेगवेगळा विकतो. म्हणजे एकच फ्लॅट तीन गिऱ्हाइकांना! तो मेला तर त्या तिघांत युद्ध पेटणार, आणि ते कुणालाच परवडणारं नाही. तेव्हा झक मारत तिघांना त्याला बरं करावं लागतं. या लबाडीवर वाचक आजही खूश आहेत. मीही आहे.

पण याच कथेत मॅट नावाचा एक म्हातारा आहे. इस्पितळातला, त्याच रोगाचा. थट्टेखोर, जॉनला धीर देणारा. त्याच्याकडे नरकाच्या सरदारांना विकण्यासारखं काही नाही. जॉन वाचतो, मॅट वाचत नाही. पहिल्या वाचनात मला मॅट आठवतच नव्हता. बहुतेकांचं असंच होत असावं. सुटका इतकी झकास असते, की कोण सुटलं नाही ते बघायला आपण थांबत नाही.

हे मासिक पंचवीस वर्षं अखंड चाललं. २०१३ साली तीनशेव्या अंकाला ते बंद झालं. मग जॉन परत आला नाही का? आला, लगेच आला. त्याच वर्षी कंपनीने त्याला तरुण करून सुपरहिरोंच्या जगात आणून बसवलं. साठीचा माणूस पुन्हा तिशी-पस्तिशीत. त्याआधी २००५ मध्ये किआनू रीव्ह्जचा सिनेमा येऊन गेला होता. त्यात काळ्या केसांचा जॉन लॉस एंजेलिसमध्ये राहत होता आणि आडनावाचा उच्चार ‘कॉन्स्टंटीन’ झाला होता. सिनेमा वाईट नव्हता. पुढे २०१४-१५ मध्ये मॅट रायनची टीव्ही मालिका आली. माणूस अगदी हुबेहूब, पण तेरा भागांत मालिका आटोपली.

नव्या अंकांत कोट होता, सिगारेट होती, टोमणे होते. मला ते काही केल्या वाचवेनात. बऱ्याच दिवसांनी कारण लक्षात आलं. वय पुसलं की मागचंही पुसलं जातं. न्यूकॅसलचा उल्लेख यायचा, पण एखाद्याच्या बायोडाटात जुन्या नोकरीचा यावा तसा. ज्याची पंचवीस वर्षं कुणी काढून घेतली, त्याच्या मागे उभी राहणारी भुतं तरी कुठून येणार? उरतो तो नुसता हुशार, बेफिकीर, देखणा माणूस. अशा माणसाचं कौतुक करणं फार सोपं असतं, कारण बिल कुणाच्या नावावर फाटलं ते आपल्याला दाखवलेलंच नसतं.

खरं परत येणं २०१९ मध्ये झालं. गंमत बघा, ज्या ‘व्हर्टिगो’ या शाखेत त्याच्या मासिकाची शेवटची वीस वर्षं गेली, ती शाखा बंद करण्याची घोषणा कंपनीने त्याच वर्षी केली. घर मोडलं आणि मुलगा परत आला, असा प्रकार. लेखक सायमन स्परियर, मुख्य चित्रकार ॲरन कॅम्पबेल. सुरुवात अशी: जादूगारांच्या एका महायुद्धात जॉन मरायला टेकलाय. एक म्हातारा येतो आणि म्हणतो, तुला वाचवतो, पण किंमत पडेल. तो म्हातारा म्हणजे जॉन स्वतःच, पुढच्या काळातला. जॉन सौदा करतो. करणारच! आणि डोळे उघडतो तो २०१९ च्या लंडनमध्ये, ब्रेक्झिटच्या भांडणात बुडालेल्या शहरात.

कॅम्पबेलची चित्रं बघताना अंगावर ओल आल्यासारखी वाटते. पहिली कथा दक्षिण लंडनमधल्या पेकहॅम राय इथे घडते. कवी विल्यम ब्लेकला लहानपणी तिथल्या झाडावर देवदूत बसलेले दिसले होते, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. स्परियरच्या कथेत ते देवदूत खरोखर येतात आणि गल्लीतल्या गर्द विकणाऱ्या पोरांना फाडून खातात. म्हणजे देशाच्या सगळ्यात सुंदर स्वप्नाचीच कुणीतरी हत्यारं केली आहेत.

या जॉनला जुनं सगळं आठवतं. भोवतीचं जग बदललेलं, त्याचे विनोद शिळे झालेले. आता त्याच्या शेजारी नॅट नावाची स्कॉटिश बाई आहे, जी त्याला काडीची किंमत देत नाही. नोआ नावाचा न बोलणारा मुलगा आहे. तो जॉनचाच मुलगा, हे पुढे कळतं. टॉमी विलोट्री नावाचा एक तरुण मांत्रिक आहे. दाढी राखलेला, शाकाहारी, सगळ्यांशी गोड बोलणारा. जॉन त्याची येता-जाता टवाळी करतो. वाचता वाचता समजतं, की टॉमी त्याच्यापेक्षा चांगला माणूस आहे आणि जॉनला नेमकं तेच सोसत नाही.

आणि सगळ्यामागचा खलनायक कोण? तोच म्हातारा. म्हणजे जॉन. आजवर त्याने दुसऱ्यांना जे केलं, ते आता त्याला करणारा तोच. स्परियरने इथे मोठं काम केलं, असं मला वाटतं. नायकाला त्याने तरुण केलं नाही, सुधारलंही नाही. वसुलीचा माणूस एकदाचा योग्य दारी पाठवला, इतकंच.

ही मालिका बाराच अंक चालली. २०२० च्या नोव्हेंबरात बंद पडली. नावाजली गेली, तरी बंद पडली, असं होतं. पण २०२४ च्या जानेवारीत तेच दोघं ‘डेड इन अमेरिका’ ही पुढची कथा घेऊन आले. त्यात जॉन अमेरिकेत वणवण फिरतोय, हृदय बंद पडलेलं, शरीर कुजत चाललेलं. बरोबर नॅट आणि नोआ. मरण त्याने पुन्हा एकदा चुकवलंय, पण चुकवल्याचा वास आता त्याच्याच अंगाला येतोय.

मी त्या मित्राचे पैसे परत केले, तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती. पाकीट घेऊन घरी गेलो. वहिनींनी चहा केला. त्याने पाकीट न मोजता कपाटात ठेवलं. मी पत्र्याच्या पेटीची चौकशी केली. तो म्हणाला, ‘‘दिली रे. मध्ये जरा ओढाताण होती.’’ वहिनी आत निघून गेल्या. मी माफी मागायला आलो होतो, ती राहूनच गेली. नंतर आमचं येणं-जाणं सुरू झालं, आजही आहे. पण तो विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

स्परियरच्या मालिकेचं पुस्तक हाती आलं, तेव्हा वाचून मी ते त्याला नेऊन दिलं. आता तो निवृत्त आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर वाचायला त्याला वेळ लागतो. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, ‘‘वाचलं. चांगलं आहे. आपला जॉन परत आला तर खरा.’’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘‘गॅरी लेस्टर काही आला नाही.’’

मी म्हटलं, ‘‘तुझी माफी मागायची राहिली आहे.’’

‘‘कशाबद्दल?’’ तो म्हणाला. मग तोच म्हणाला, ‘‘बरं, माग.’’

मागितली. चोवीस वर्षांनी, फोनवर. त्याने ऐकून घेतलं आणि मोठ्याने हसला. पण ‘त्यात काय एवढं’ असं काही तो म्हणाला नाही. म्हणाला नाही ते बरंच झालं.

श्रोतेहो, भयकथा कशाला वाचायच्या, असं पुष्कळ लोक विचारतात. भुतं काही खरी नसतात. पण मित्राच्या खांद्यावर पाय देऊन वर चढलेला, आणि चढल्यावर ‘काय डोकं चालवलं!’ असं स्वतःलाच म्हणणारा माणूस खरा असतो. तुम्हीआम्ही त्याला ओळखतो, कधी कधी आरशातही बघतो. कॉन्स्टंटाईनचे अंक हाती पडले, तर त्याच्या युक्त्यांवर जरूर खूश व्हा. त्या आहेतच तशा. फक्त कथा संपल्यावर मागची दोन पानं उलटा आणि जामीन कोण राहिलं होतं, त्याचं नाव बघून ठेवा.